रेवतीच्या ऑर्किडची मुळं आणि माझी कात्री

सुनेच्या झाडाचे हातपाय मी कापले, ही गोष्ट खरी आहे.

नाकारत नाही. पण का कापले, कसे कापले आणि कापल्यावर माझं काय झालं, हे कुणी नीट ऐकूनच घेत नाही. मध्येच हसतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. कागद तरी मध्ये हसत नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. पत्र्याची शेड, दिवसभर खडाखडा चालणारे माग आणि मागच्या खोलीत फिनिशिंग. माग मालकांच्या ताब्यात (मालक म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, त्यावरून घरात कुणाचं चालतं याचा अंदाज बांधू नये) आणि फिनिशिंग माझ्या ताब्यात. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी तिथं बसते. टॉवेल मागावरनं उतरला की त्याला चारी बाजूंनी सुटे धागे लोंबत असतात. ते बोटांत मावेल एवढ्या छोट्या कात्रीनं टचटच कापायचे, कड शिवायची, घडी घालायची. एक धागा जरी लोंबता राहिला, तरी व्यापारी अख्खा गठ्ठा परत पाठवतो. तीस वर्षं मी बायकांना एकच मंत्र देत आले: लोंबतंय ते कापायचं, विचार करत बसायचं नाही.

आता तीस वर्षं हाताला एक सवय लागली की ती कारखान्याच्या गेटपाशी थांबत नाही. माझ्या पर्समध्ये रुमाल नसेल, पण कात्री असते. लग्नात पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईच्या पदराचा धागा मी तिला न विचारता कापलेला आहे. डॉक्टर माझं बीपी मोजत होते तेव्हा मी त्यांच्या कोटाच्या बाहीचा धागा कापला. बीपी त्यांचंच वाढलं. गुरू, म्हणजे आमचा मुलगा, नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता तेव्हा त्याच्या शर्टाचा एक धागा दारातच कापला. तो धागा नेमका गुंडीचा होता. मुलाखतीत ती गुंडी साहेबांच्या टेबलावर जाऊन पडली, आणि गुरू आता आमच्याच कारखान्यात बसतो. मालक म्हणतात, झालं ते बरंच झालं. गुरू काही म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी गुरूचं लग्न झालं आणि रेवती घरात आली. ती कुडाळकडची. आम्ही घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारी माणसं, तिला कानडी ओ की ठो येत नाही. तिला दुपारी भात लागतो, आम्हाला कडक भाकरी. पहिले सहा महिने आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत होतो की मालकांना धास्ती वाटायला लागली. मग एकदा तिनं माझ्या शेंगाचटणीत गूळ घातला, मी चिडून कानडीत दहा वाक्यं बोलले, तिनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आई, यातलं मला 'गूळ' एवढंच कळलं." मला हसूच फुटलं. त्या दिवसापासून आमचं जमलं. आता तर आम्ही दोघी मिळून मालकांना हसतो. सासू-सुनेचं असं जमायला नशीब लागतं हो, आणि ते टिकवायला त्याहून जास्त. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं त्यात माझा जीव याच एका गोष्टीसाठी टांगणीला लागला होता.

रेवतीनं माहेराहून येताना एक कुंडी आणली होती. ऑर्किड. तिच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, स्वतः वाढवलेलं. आलं तेव्हा त्यावर जांभळी फुलं होती, महिना-दीड महिना टिकली. नंतर फुलं गळली आणि झाडानं जे मौन धरलं ते दोन वर्षं. तिकडं कोकणात त्याला हवेतनं पाणी मिळत होतं, आमच्या हवेत काय मिळणार, तर ऊन आणि कापसाचा तूस. पण रेवतीनं जिद्द सोडली नाही. जेवणाच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीत ताटलीत खडे, खड्यांत पाणी, त्यावर कुंडी. रोज सकाळचा चहा त्या झाडापाशी. माहेरची आठवण आली की पोरगी फोन करायच्या आधी त्या झाडाची पानं पुसायची. मला ते दिसायचं.

तर मागच्या वर्षी तिला ऑफिसच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस पुण्याला जायचं होतं. निघताना ती मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"आई, याला फक्त रविवारी दहा मिनिटं पाण्यात ठेवायचं, निथळू द्यायचं आणि परत जागेवर. बाकी काही करायचं नाही."

"बरं."

"काही म्हणजे काहीच नाही, आई."

"अगं कळलं की. मी काय लहान आहे?"

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, पण ठेवलं माझ्यावर. गुरूवर नाही, मालकांवर नाही, माझ्यावर! मला इतकं बरं वाटलं की ती पोचून परत येईपर्यंत हे झाड असं टवटवीत करून दाखवायचं, असं मी स्टेशनवरनं परत येतानाच ठरवून टाकलं. सगळ्या घोळाचं मूळ या ठरवण्यात आहे.

तीन दिवस मी काही केलं नाही. चौथ्या दिवशी, बुधवारी, माझं लक्ष कुंडीकडं नीट गेलं. शनिवारी आमच्याकडं कॉलनीतल्या बायकांची भिशी होती, म्हणून मी खोली आवरत होते. बघते तर काय, कुंडीच्या काठावरनं बाहेर जाड जाड दोऱ्यांसारखं काहीतरी लोंबतंय. राखाडी, चंदेरी, वाकडंतिकडं. एक खिडकीच्या गजाकडं निघालेलं, दोन टेबलावर आडवी पसरलेली, एक हवेतच कुठंतरी बघत थांबलेलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की अगं बाई, या पोरीनं हे असंच ठेवलंय? शनिवारी भिशीच्या बायका काय म्हणतील? तीस वर्षं फिनिशिंगला बसलेल्या बाईच्या घरात एवढं सगळं लोंबतंय?

हात शिवशिवायला लागले. मी स्वतःला सांगितलं, 'काही करायचं नाही' म्हणालीय ती. मग स्वतःलाच उत्तर दिलं, की पोरीचा अर्थ झाडाला काही करायचं नाही असा होता, हे तर झाडाबाहेरचं आहे. (माणसाला चूक करायची असली की वकील घरचाच सापडतो.) कात्री पर्समध्येच होती.

टच. एक गेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! टच, टच. टेबलावरची दोन गेली. गजाकडं निघालेलं त्याच्या वाटेतच गेलं. शेवटचं जरा वेगळं होतं. हिरवं, टोकाला थोडं चपटं, कात्रीला कडक लागलं. तिथं मी क्षणभर थांबले, हे मुद्दाम सांगते, कारण मी थांबले होते याची कुणी नोंदच घेत नाही. थांबले आणि विचार केला, टॉवेलला रंगीत धागा लोंबला म्हणून आपण ठेवतो का? नाही ना? टच.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण काठ मोकळा झाल्यावर आत नजर गेली, आणि कुंडीत मातीच नाही! कोळशाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल. केर भरावा तसं सगळं भरलेलं. मला विहीणबाईंचा जरा रागच आला. लेकीला सासरी पाठवताना झाडाला मूठभर माती घालायला काय झालं होतं? दोन वर्षं उपाशी झाड फुलेल कसं? मी ते सगळं उपसून फेकलं, आमच्या परसातली काळीभोर माती घातली, त्यात शेणखत मिसळलं, अंगठ्यांनी चांगलं चेपून बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. संध्याकाळी परत दिलं. नळाला पाणी आलेला दिवस होता, हात आखडायचं कारण नव्हतं. मालक घरी आले तेव्हा मी त्यांना खिडकीपाशी नेऊन दाखवलं.

"कसं दिसतंय?"

"भादरलेल्या बोकडासारखं," मालक म्हणाले. त्यांना झाडातलं काही कळत नाही.

साडेसहाला रेवतीचा फोन आला. जेवण, हॉस्टेल, ट्रेनिंग, सगळं बोलून झालं. मग म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. त्या मुळांमध्ये एक हिरवं टोक आलंय बघा. पुढं जरा चपटं. मूळ नाही ते, मला वाटतं फुलांचा दांडा येतोय. दोन वर्षांनी! आईला अजून सांगितलं नाही मी, म्हटलं नक्की होऊ दे. तुम्ही उद्या एक फोटो पाठवाल?"

तोंडातनं फक्त "हो का?" निघालं.

"आणि ती बाहेरची मुळं आहेत ना, त्यांना धक्का लावू नका हां. हवेतलं पाणी पितं ते त्यांच्यातनं."

"नाही नाही," मी म्हणाले, "त्यांना आता कोण धक्का लावणार?" हे तरी खोटं नव्हतं.

फोन ठेवला आणि केराच्या डब्यावर झडप घातली. डबा पालथा केला. कांद्याच्या सालींतनं, चहाच्या चोथ्यातनं चारी मुळं सापडली, आणि तो दांडाही सापडला, बोटभर, हिरवागार. मालक दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता मला सुचलं.

"अहो, मागावर ताण्याचं सूत तुटलं की तुम्ही जोडता ना?"

"जोडतो की."

"मग हे जोडा."

मालकांची गाठ अख्ख्या एमआयडीसीत प्रसिद्ध आहे. तुटलेल्या सुताला ते अशी गाठ मारतात की कापडावरनं बोट फिरवलं तरी लागत नाही. त्यांनी चष्मा चढवला, दांडा हातात घेतला, झाडावर त्याचं थुटूक राहिलं होतं ते बघितलं, दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघितली. दहा मिनिटं त्या माणसानं मनापासून प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "याला पीळच नाही." मग त्यांनी ते पांढऱ्या सुतानं गुंडाळून बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा मान टाकून लोंबत होता. मी तो काढून पाण्याच्या पेल्यात ठेवला.

रेवतीला मी कळवलं, की फोन बिघडलाय, फोटो येत नाहीत. (ते मी त्याच फोनवरनं कळवलं.)

आता माझी खरी भीती सांगते. झाड जाईल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की माहेराहून आलेलं, आईच्या हातचं, दोन वर्षांनी फुलायला आलेलं झाड सासूनं कात्रीनं छाटलं, हे ऐकल्यावर जगातली कोणती सून म्हणेल की चुकून झालं असेल? मी सून असते तर म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. मी तर माहेरी फोन करून आधी रडले असते आणि मग नावं ठेवली असती.

शनिवारी भिशी झाली. मी कुंडी फ्रिजच्या मागं सरकवून ठेवली होती, पण आमच्या शेजारच्या शकुंतलाबाईंपासून आजवर काही लपलेलं नाही. पाणी प्यायला आत गेल्या आणि कुंडीच घेऊन बाहेर आल्या.

"हे सुनेचं ना? हे काय झालं याला?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणाले, "मीच कापलं. जरा जास्तच कापलं गेलं."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. शकुंतलाबाईंनी कुंडी खाली ठेवली, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

"बरं केलंत," त्या हळूच म्हणाल्या. "कधीतरी करावंच लागतं."

"अहो, चुकून झालं."

"हो हो, चुकूनच." आणि त्यांनी डोळा मारला. साठीची बाई! "आमच्या सुनेचं मनीप्लँट होतं ना? मी रोज त्याला भाताची पेज घालत होते. गरम."

मग पलीकडच्या काकू म्हणाल्या की सुनेनं आणलेला नॉनस्टिक तवा त्यांनी तारेच्या घासणीनं मन लावून घासला होता. आणखी एकीनं सुनेचं लोकरीचं स्वेटर उकळून दिलं होतं. एकेक जण मोकळी होत गेली. आजवर भिशीत मला कुणी फारसं विचारत नव्हतं, त्या दिवशी पहिला चहा मला मिळाला. मी चार वेळा सांगितलं की चुकून झालं, आणि प्रत्येक वेळी त्यांना माझं जास्तच कौतुक वाटलं. जाताना शकुंतलाबाई म्हणाल्या, "काळजी करू नका, कुणाला सांगणार नाही." म्हणजे आठ दिवसांत रेवतीच्या कानावर जाणार, हे पक्कं झालं.

रविवारी विहीणबाईंचा फोन. दर रविवारी येतो. "झाड कसं आहे हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "विश्रांती घेतंय." आणि सोलापूरच्या उन्हावर इतकी बोलले की त्यांना पुन्हा विचारायला जागाच ठेवली नाही.

सोमवारी पानं लोळली. हाताला मऊ लागायला लागली. संध्याकाळी मालक बाजारातनं एक पुडकं घेऊन आले आणि मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवलं. आत ऑर्किड होतं. जांभळं, भरगच्च फुललेलं, देखणं. मला भरून आलं. मग मी पाकळीला हात लावला.

"अहो, हे प्लॅस्टिकचं आहे."

"म्हणूनच आणलं. हे मरत नाही."

"सुम्न कूड्री!" मी म्हणाले. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. मालक बसले. पण त्या सोमवारी मी पदर खोचला. जोडून होत नाही, लपवून होत नाही, बदलून होत नाही. आता हे झाड जगवायचं, कसंही करून जगवायचं, आणि रेवती आली की तिच्यासमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

मंगळवारी सकाळी कुंडी टॉवेलात गुंडाळली, मांडीवर घेतली आणि रिक्षा करून विजापूर रोडवरच्या एका नर्सरीत गेले. तिथं मुल्लाभाई म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी टॉवेल उघडला आणि कुंडी चारी बाजूंनी फिरवून बघितली.

"अम्मा, इसकू मिट्टी में कौन डाला?"

"शेजारच्या बाईंनी," मी म्हणाले. (शकुंतलाबाईंचं एवढं तरी देणं होतंच.)

"और ये मुळं किसने कापली?"

"त्यांनीच."

"उनकू बोलो, झाडाकू हात नको लगाव. पोरंबाळं संभाळा, झाड नको."

मी त्यांचा निरोप मान खाली घालून स्वीकारला. मुल्लाभाईंनी झाड मातीतनं अलगद काढलं आणि नळाखाली धुतलं. आतली मुळं बघितली. बरीचशी तपकिरी, गिळगिळीत, वासही येत होता. मग त्यांनी मी कापून जे बोटभर थुटूक ठेवलं होतं, त्या राखाडी थुटकावर पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता ते हिरवं झालं.

"ये मेलेलं नव्हतं, अम्मा. तहान लागली की असं पांढुरकं दिसतं. पाणी मिळालं की हिरवं. जे सगळ्यात चांगलं होतं ना, तेच कापलं बाईंनी. कापायचं ते आत होतं."

मला भडभडून आलं. मी तिथंच नर्सरीत, मोगऱ्याच्या कुंड्यांमध्ये उभी राहून रडले. मुल्लाभाईंनी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. मग मी डोळे पुसून सांगितलं की शेजारच्या बाई म्हणजे मीच. ते म्हणाले, "कळलं होतं. टॉवेलाचा धागा तुम्ही रिक्षातनं उतरतानाच कापला की."

मग त्यांनी ब्लेड मेणबत्तीवर तापवलं, थंड केलं आणि माझ्याच हातात दिलं. मी घाबरले. ते म्हणाले, आता तुम्हीच कापा, म्हणजे परत चुकणार नाही. प्रत्येक मूळ आधी दोन बोटांत धरून दाबायचं. भरीव, टणक लागलं तर ठेवायचं, मग दिसायला कसंही असो. दाबल्यावर पिचलं, साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर कापायचं, चांगला भाग लागेपर्यंत. डोळ्यानं बघून कापायचं नाही. तीस वर्षांत मी एकही धागा आधी बोटांनी चाचपून मग कापलेला नव्हता. त्या दिवशी तासभर मी एकेका मुळाला हात लावून विचारत होते, बाबा, तू आहेस का गेलास?

शेवटी तीन मुळं उरली. त्यातलं एक काहीही केलं तरी कुंडीत बसेना, काठावरनं बाहेरच यायचं.

"हे लोंबतंय," मी म्हणाले.

"लोंबू दे."

"आत कोंबू?"

"नको. मोडेल. लोंबू दे."

"थोडं टोक..."

"अम्मा, ब्लेड खाली ठेवा."

मी ब्लेड खाली ठेवलं. माझी मूठ अजून वळलेलीच होती, ती त्यांनी उघडायला सांगितली. कापलेल्या जागी लावायला दालचिनीची पूड सांगितली, कुजू नये म्हणून. कोळसा आणि सोडणाचे तुकडे भरून दिले, आणि बजावलं की चार-पाच दिवस पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.

ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे. काही न करणं हे किती अवघड काम आहे, हे कारखान्यात राबणाऱ्या बाईला विचारा. मी उठायचे, झाडापुढं खुर्ची टाकून बसायचे, हात मांडीखाली दाबून. ते मूळ माझ्यासमोर लोंबत राहायचं. मालक जाता-येता म्हणायचे, "लोंबू दे." गुरू म्हणायचा, "लोंबू दे, आई." मी दात आवळून बसायचे. पण शुक्रवारी सकाळी त्या मुळाच्या टोकाला तांदळाएवढं हिरवं दिसलं. नवीन. मी मालकांना हाक मारली, गुरूला हाक मारली, आणि त्या दोघांनी शपथेवर सांगितलं की हो, काल हे नव्हतं.

रविवारी रेवती आली. मी तिला बॅग ठेवू दिली, पाणी दिलं, आणि चहाच्या आधी टेबलापाशी नेलं. तिथं मी सगळं मांडून ठेवलं होतं. पांढऱ्या टॉवेलावर कापलेली चार मुळं ओळीनं. पेल्यात सुकलेला दांडा. शेजारी कुंडी, तीन मुळांची. मी दोन दिवस घोकलेलं भाषण होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"रेवती, मी कापलं. सगळं मीच कापलं, दांडासुद्धा. मातीत घातलं तेही मीच. फोन बिघडला नव्हता. कॉलनीत वेगळं काही ऐकशील, तेव्हा आधी मी सांगते." एवढं बोलून मी पेला तिच्यापुढं सरकवला.

ती खाली बसली. तिनं दांडा उचलला, बोटांत फिरवला. डोळे भरले तिचे. भरणारच हो. मला तिच्याकडं बघवेना. मग तिनं कुंडी जवळ ओढली, एकेक मूळ हळूच दाबून बघितलं, दालचिनीचा वास घेतला, ते हिरवं टोक बघितलं.

"जगेल हे," ती म्हणाली. "यंदा नाही फुलणार. पण जगेल." आणि मग, "हे कुणी कापलं आतलं? इतकं स्वच्छ?"

"तेही मीच," मी म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. रविवारच तो. रेवतीनं फोन पेल्याला टेकवून उभा केला आणि सगळं सांगितलं, अगदी मालकांनी बांधलेल्या सुतासकट. विहीणबाई ऐकत होत्या. मला राहवलं नाही. मी पुढं सरकून म्हणाले, "विहीणबाई, रेवती, तुम्ही दोघी काय समजायचं ते समजा. पण मी मुद्दाम नाही हो केलं. देवाशप्पथ."

रेवती माझ्याकडं आश्चर्यानं बघायला लागली. "मुद्दाम? आई, माझ्या मनातसुद्धा आलं नाही तसं."

मला इतकं हलकं वाटलं. अकरा दिवसांचं ओझं उतरलं. पोरीचा आपल्यावर केवढा विश्वास, केवढी माया! पण ती माया तिच्या तोंडून ऐकावी अशी हाव सुटली मला. मी विचारलं, "का गं नाही आलं?"

रेवतीनं फोनकडं बघितलं. फोनमधनं विहीणबाईच म्हणाल्या, "अहो, मुद्दाम करायचं तर झाडातलं थोडं तरी कळायला लागतं ना? मूळ कोणतं नि दांडा कोणता, एवढं तरी?"

रेवतीनं मान डोलावली. गुरूनं डोलावली. मालकांनी तर दोनदा डोलावली. आमच्या घरात एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी निर्दोष सुटले होते. पुरावा होता माझा अडाणीपणा, आणि साक्षीला अख्खं घर हजर होतं.